टाच घट्ट, बोटं सैल

पुण्याहून गोव्याला निघालेली गाडी कात्रजचा बोगदा ओलांडते, खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकते आणि थोड्या वेळात कामथडीला पोचते. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला राजगडाच्या बाजूचे डोंगर, मध्ये शेतं. समुद्राचा इथे मागमूस नाही. जिथे काइटसर्फिंग शिकायला लोक जातात ते मोरजी, आश्वे, मांद्रे हे पेडणे तालुक्यातले किनारे निपाणी आणि आंबोलीचा घाट पार केल्यावर येतात. तरीही पहिल्या उडीची तयारी करणाऱ्याने कामथडीला गाडी थांबवावी आणि अर्धा तास नुसतं बसावं, असं मला मनापासून वाटतं. पाण्यात उतरल्यावर विचाराला सवड मिळत नाही. तिथे अंगाला जे ठाऊक असतं तेच अंग करून मोकळं होतं. अंगाने काय करायचं, हे कोरड्या जमिनीवर सावकाश ठरवून घेता येतं.

महामार्गाचा आवाज मागे पडेल इतकं आत या. शेतमालकाला विचारून एखाद्या बांधावर बसा. चपला काढा. दोन्ही पावलं मातीवर टेकवा. पाठ ताठ, पण खांदे खाली सोडलेले.

ज्यांनी काइट कधी हातात घेतलेला नाही त्यांनीही बसावं. एवढंच डोळ्यांसमोर आणा: 9 ते 12 चौरस मीटर कापडाचा, कडेच्या नळीत हवा भरलेला मोठा पतंग. त्याच्यापासून खाली येणाऱ्या 20 ते 24 मीटर लांबीच्या दोऱ्या. त्या दोऱ्या ज्या आडव्या दांडीला जोडलेल्या असतात तो बार. कमरेला बांधलेला रुंद पट्टा म्हणजे हार्नेस, त्याच्या हुकात अडकवलेली काइटची कडी आणि पायांखाली बोर्ड. वारा काइट ओढतो, काइट माणसाला ओढतो आणि माणूस बोर्डावरून पाणी कापत जातो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात. शर्यतीतला वेग हे त्याचं एक रूप. आपण बसलो आहोत ते दुसऱ्या रूपासाठी. पाण्यावरून सुटायचं, क्षणभर वाऱ्यावर राहायचं आणि परत पाण्यावर यायचं. कसलेले खेळाडू 30 मीटरच्या वर जातात. आपली पहिली उडी गुडघ्याएवढी असेल. ती तेवढीच असावी.

आधी वारा पाहा. डोळे उघडेच ठेवा.

जवळच्या देवळावरचा ध्वज दिसत असेल तर त्याच्याकडे बघा. तो काठीला चिकटून लोंबतो आहे, की सरळ पसरला आहे? ब्रिटिश आरमारातले फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी वाऱ्याची जी श्रेणी लावून दिली, तिच्या तिसऱ्या पायरीवर, ताशी 12 ते 19 किलोमीटरला, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात आणि हलका ध्वज पसरतो. चौथ्या पायरीवर, ताशी 20 ते 28 किलोमीटरला, धूळ उठते, कागद उडतात, लहान फांद्या हलतात. शिकणाऱ्याला लागणारा वारा साधारण इथूनच सुरू होतो. माणसाच्या वजनाप्रमाणे आणि काइटच्या मापाप्रमाणे तो कमी-जास्त होतो, पण अंदाजाला 12 ते 18 नॉट, म्हणजे ताशी 22 ते 33 किलोमीटर धरा.

या आकड्यांवर थोडं थांबा. वाऱ्याची ओढ त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. वारा ताशी 22 वरून 31 झाला की ध्वजाकडे बघून फारसा फरक कळणार नाही, पण काइटची ओढ दुप्पट झालेली असते. हे एकदा मनात बसलं की आजचा वारा कालच्यासारखाच आहे, असं माणूस सहज म्हणत नाही. तो दर वेळी बघतो.

आता पश्चिमेच्या डोंगरांकडे पाहा. त्यांच्या पलीकडून येणारा वारा माथ्यावरून उतरताना फुटतो, गोल फिरतो, मध्येच पडतो आणि मध्येच झडप घालतो. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाचं पाणी इथून जवळ आहे, विस्तीर्ण आहे, आणि ते पाहून कोणालाही वाटेल की गोव्यापर्यंत कशाला जायचं? कारण हेच. डोंगरांच्या कुशीतला वारा एकसारखा नसतो आणि उडी शिकणाऱ्याला सगळ्यात आधी एकसारखा वारा लागतो. किनाऱ्यावर तो मिळतो. दिवस चढतो तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, पावसाळा संपल्यावरच्या महिन्यांत, दुपारी ते बहुधा वायव्येकडून, किनाऱ्याला तिरपे लागतात. पडलेल्या माणसाला असा वारा जमिनीकडे आणतो. पहाटेचे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात. ते कितीही छान वाटले तरी त्या वेळी पाण्यात उतरायचं नाही, कारण ते माणसाला आत नेतात.

वारा तुमच्या गालावर कुठून लागतो आहे, ते डोळे मिटून ओळखा. डावीकडून? पाठीमागून? वळून पाठ बरोबर वाऱ्याकडे करा. दोन्ही कानांना वारा सारखाच ऐकू आला की दिशा बरोबर.

आता समोरच्या आकाशात मोठं घड्याळ कल्पा. डोक्यावर बारा. डावीकडे क्षितिजाला नऊ, उजवीकडे तीन. काइट या घड्याळाच्या कडेने फिरतो. उजवीकडे जायचं असेल तेव्हा तो एक-दीडच्या आसपास असतो आणि पुढे ओढतो. बाराला असतो तेव्हा तो वर ओढतो. उडीचं सगळं बळ दीडपासून बारापर्यंतच्या या छोट्याशा कमानीत आहे. पुढची ओढ वरच्या ओढीत बदलते, एवढीच घटना.

मग सगळ्यांनाच उडी का येत नाही? काइट बाराला नेला की माणूस वर जायला हवा. बहुतेक वेळा तो नुसता फरफटत वाऱ्याबरोबर खाली जातो.

इथे टाचांकडे या.

मातीवर टेकलेल्या दोन्ही टाचा हळूच दाबा. माती थोडी दबेल. आणखी थोडं दाबा. मांडीच्या मागचा स्नायू जागा झाला? कंबर थोडी पुढे आली? बोर्डावर हेच करायचं असतं. टाचांकडची कड पाण्यात रुतवायची आणि अंग काइटच्या उलट दिशेला रेलून द्यायचं. कड रुतली की दोऱ्या ताणल्या जातात. एका टोकाला वारा, दुसऱ्या टोकाला तुमच्या टाचा, आणि मध्ये तो ताण. काइट बाराकडे सरकतो तसतसा ताण वर वळतो. या सगळ्या वेळात टाच सुटली नाही, तर साठलेला ताण तुम्हाला उचलतो. टाच आधीच सुटली, तर साठायला काही उरतच नाही.

नवशिक्याची बहुतेक धडपड इथेच वाया जाते. काइट वर जाताना दिसला की त्याला वाटतं, आता मी उडी मारली पाहिजे. तो बोर्ड सपाट करतो, पाय झाडतो, आणि उडी निघून जाते. खरं म्हणजे त्या घटकेला त्याने काहीच सोडायचं नसतं. रोखून धरायचं असतं, आणखी एक श्वासभर.

तो एक श्वास आता घ्या. टाचा दाबलेल्या ठेवा आणि श्वास पूर्ण आत येऊ द्या. श्वास वर आला तरी टाच खालीच. सोडा. पुन्हा एकदा.

आता हात.

दोन्ही हात पुढे करा, बार धरल्यासारखे. मुठी कशा वळल्या आहेत ते पाहा. अंगठे बोटांवर दाबले गेले आहेत? मनगटं ताठ झाली आहेत? टाचा घट्ट केल्या की हात आपोआप घट्ट होतात. शरीर सगळंच एकदम आवळतं. त्याला वेगवेगळं करायला शिकवावं लागतं, आणि माझ्या मते उडीचं खरं शिक्षण तेच आहे.

काइटची ओढ हातांवर येत नाही, कमरेवर येते. हार्नेस त्यासाठीच असतो. हातांचं काम फक्त सांगण्याचं. डावा हात जरासा ओढला की काइट डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. बार पुढे सोडला की ढील, जवळ घेतला की खेच. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या कोणालाही ढील आणि खेच शिकवावी लागत नाही, ती त्याच्या बोटांतच असते. इथे फरक इतकाच की पतंगाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही स्वतः बांधलेले आहात.

बोटं सैल करा. टाचा तशाच राहू द्या. पुन्हा तपासा: टाच घट्ट, बोटं सैल. जबडा आवळला असेल तर तोही सोडा.

भोर-वेल्ह्याकडच्या जुन्या माणसांनी जोंधळ्याची राखण करताना गोफण फिरवलेली असते. गोफणीच्या दोन्ही दोऱ्या एकाच हातात असतात. दगड जोवर फिरतो आहे तोवर दोरी ताठ, जरासुद्धा ढिलाई नाही. पण मूठ आवळून धरणाऱ्याचा दगड कधी सुटत नाही, आणि सुटला तर भलतीकडे जातो. दोरी ताठ, बोट हलकं, आणि नेमक्या जागी एक दोरी मोकळी. दगडाला कोणी ढकललेलं नसतं. त्याला फक्त शेवटपर्यंत ताणात ठेवलेलं असतं.

आता भीतीकडे पाहू. ती आहेच, तिला लपवू नका.

छातीत कुठे आहे, की पोटात? पहिल्या उडीच्या आधी माणसाला उंचीची भीती वाटते असं म्हणतात, पण बहुतेकांना ताबा जाण्याची वाटते. आणि ताबा जाईल असं वाटलं की हात काय करतात? बार छातीशी ओढतात. जे हातात आहे ते आणखी घट्ट धरायचं, ही आपली जन्मजात खोड. झाडावरून घसरताना ती जीव वाचवते. काइटखाली ती उलटी पडते, कारण बार जवळ घेतला की काइटची ताकद वाढते. घाबरून धरून ठेवणाऱ्याला काइट अधिकच उचलतो. बार सोडला की तो दोरीवरच पुढे सरकतो आणि ओढ एकदम उतरते. तेवढ्याने भागलं नाही तर हार्नेससमोरचं क्विक रिलीज दाबायचं, म्हणजे काइट पाण्यावर निपचित पडतो. म्हणून चांगला शिक्षक पुढे जायला शिकवण्याआधी सोडायला शिकवतो.

दोन्ही हात समोर धरा आणि मनात म्हणा, काहीतरी चुकतं आहे. मग बोटं उघडा. पूर्ण. तळवे दिसू द्या. पुन्हा धरा. पुन्हा म्हणा, पुन्हा उघडा. कंटाळा येईपर्यंत करा. भीतीला उत्तर म्हणून हाताला एकच गोष्ट सुचली पाहिजे, उघडणं. ते सुचेपर्यंत उडीची घाई करू नये. मी कोणालाही एवढं एकच हक्काने सांगेन.

आता आपण सगळी उडी एकदा, अगदी सावकाश, बसल्या जागी करू. डोळे मिटा.

तुम्ही उजवीकडे चालला आहात. वेग बेताचा. काइट दीडच्या जवळ. पाणी बोर्डाखाली सळसळतं आहे. आधी खाली बघा, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. तिकडे कोणी पोहणारं आहे? होडी, खडक, किनारा? दोऱ्यांच्या लांबीच्या दुपटीइतकी तरी जागा मोकळी हवी. हवेत असताना तुम्ही तिकडेच सरकणार आहात. जागा नसेल तर उडी नाही. पुढे जायचं, वळायचं, पुन्हा बघायचं.

जागा आहे. टाचा दाबा. बोर्डाचं नाक थोडं वाऱ्याकडे चढू द्या. दोऱ्या कडक झाल्या.

डावा हात ओढा, ठामपणे, पण हिसका न देता. काइट बाराकडे निघाला. टाचा तिथेच. कमरेशी ओढ वर वळते आहे. अजून नाही. अजून टाचा तिथेच.

काइट बाराला येतो आहे. आता बार जवळ घ्या आणि मागचा पाय सरळ करा. पाणी सुटलं.

पाण्याचा आवाज थांबला. गुडघे पोटाशी घ्या, अंग लहान करा, म्हणजे तोल जाणार नाही. काइट डोक्यावर राहू द्या. त्याला आणखी मागे नेऊ नका, नाहीतर तो मागे ओढेल आणि तुम्ही त्याच्याखालून निसटाल. नजर पुढे, जिथे उतरायचं तिथे. खाली पाहिलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागे सगळं अंग.

हे सगळं एक-दोन सेकंदांत होणार आहे. आपण त्याला आता दहा श्वास देतो आहोत, कारण तिथे मोजायला वेळ मिळणार नाही.

उतरणं हवेतच सुरू होतं. उजवा हात हलकेच ओढा, काइट पुन्हा पुढे, दीडकडे निघेल. तो पुढे गेला की तुम्हालाही पुढे नेईल, आणि धपकन पडण्याऐवजी तुम्ही पाण्यावर घसरत टेकाल. बोर्डाचं नाक थोडं वारा जिकडे वाहतो तिकडे वळवा. गुडघे मऊ. टेकलात. बार किंचित पुढे सोडा. टाचा पुन्हा दाबा. चालू पडा.

एक पूर्ण श्वास घ्या. डोळे मिटलेलेच असू द्या.

वर जाताना टाच घट्ट होती आणि सुटायच्या घटकेला मोकळी झाली. उतरताना पुन्हा घट्ट झाली. हात सगळा वेळ हलकेच होते. घट्ट आणि सैल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एका शरीरात राहू शकतात. आपण मात्र एरवी यातली एकच निवडतो. एखादं काम मनावर घेतलं की कपाळाला आठी, खांदे वर, आवाज चढा. आणि सैल व्हायचं ठरवलं की पायाखालची जमीनही सोडून देतो. आपल्या घरात, कामात, माणसांत टाच कुठे रुतवायची आणि बोटं कुठे उघडायची, हे ज्याचं त्याने पाहावं. कोणत्या गोष्टीवर तुमचं वजन खरोखर पेललेलं आहे? आणि कोणती गोष्ट तुम्ही नुसती आवळून धरली आहे, जिचा भार मुळात हातांवर नव्हताच? घाई न करता, एक-एक नाव मनात येऊ द्या.

पहिल्या उड्या पडतील. त्याचंही मनन इथेच करू. फ्रान्समधल्या ब्रूनो आणि डोमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी हवा भरलेल्या काइटचं पेटंट 1984 मध्ये घेतलं आणि 1997 मध्ये ‘वाइपिका’ या नावाने तो बाजारात आणला. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न उंच जाण्याचा नव्हता. पाण्यात पडलेला काइट पुन्हा वर उठला पाहिजे, हा होता. नळीत भरलेली हवा त्यासाठी आहे. काइट बुडत नाही, कडेवर वळवता येतो आणि वारा त्याला परत उचलतो. म्हणजे ज्यांनी ही वस्तू घडवली त्यांनी पडणं आधीच हिशेबात धरलं होतं. तुम्हीही धरा. पडल्यावर पहिलं काम बार सोडणं, दुसरं श्वास घेणं, तिसरं काइट कुठे आहे ते पाहणं. बोर्ड त्यानंतर.

आणि जिथे उडी माराल त्या जागेचं भान ठेवा. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तो पट्टा वनखात्याने त्यांच्यासाठी राखलेला असतो. काइट तिथे पसरायचा नाही, दोऱ्या तिथे अंथरायच्या नाहीत. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या आणि होड्यांच्या बाजूलाही जायचं नाही. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपण तिथे पाहुणे आहोत. ज्याला वाळूवर नीट वागता येत नाही त्याने हवेत जाण्याची घाई करू नये.

आता डोळे उघडा. हात मांडीवर ठेवा. उठायच्या आधी टाचा एकदा दाबा आणि बोटं एकदा उघडा, एकाच वेळी. जमलं तर उठा. नाही जमलं तर आणखी थोडं बसा.

शेवटची एक गोष्ट, बरोबर न्यायची. उजवीकडे जाताना उडी जमली की डावीकडे जाताना ती जमलेली नसते. पुढचा पाय मागचा होतो, ओढणारा हात बदलतो, घड्याळ उलटं फिरतं आणि माणूस पुन्हा नवशिका होतो. बरेच जण मग सोयीच्या बाजूनेच उड्या मारत राहतात. तुम्ही तसं करू नका. ज्या दिवशी एका बाजूने पाणी सुटेल त्याच दिवशी वळा, दुसऱ्या बाजूने निघा, तिथे गुडघ्याएवढ्या उडीपासून सुरुवात करा, आणि दोन्हीकडून जमली म्हणजे मगच उडी आली असं म्हणा.